गादी मिळालेली सुधारणा आणि गादी हुकलेली सुधारणा

धर्मावरच्या गप्पा रंगल्या की अर्ध्या तासाच्या आत कुणीतरी म्हणतंच, "आपल्यात एक ल्यूथर व्हायला हवा होता." म्हणणारा हिंदू असो की मुसलमान, वाक्य तेच असतं. त्यामागचा हिशेबही ठरलेला. युरोपात ल्यूथर आला, पोपची सत्ता मोडली, लोक स्वतः बायबल वाचू लागले, मग विज्ञान आलं, मग लोकशाही आली आणि आपण मात्र फलाटावरच राहिलो. शाळेच्या पुस्तकात 'धर्मसुधारणा' हा धडा 'प्रबोधन' आणि 'औद्योगिक क्रांती' यांच्या शेजारी असतो. त्यामुळे आगगाडीच्या डब्यांसारखं एकामागून एक सगळं आपोआप येतं, असं डोक्यात पक्कं बसतं.

तुलनाही आजची नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावर जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात महाराष्ट्रातल्या संतांना सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट चळवळीच्या शेजारी बसवलं. तिकडे लॅटिनऐवजी जर्मन, इकडे संस्कृतऐवजी मराठी. दोन्हीकडे मधल्या पुरोहिताला बाजूला सारून देवाशी थेट बोलणं. साम्य खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण रानड्यांना त्या तुलनेतून जे सिद्ध करायचं होतं ते असं, की संतांनी नांगरलेल्या जमिनीत पुढे स्वराज्याचं पीक आलं. म्हणजे धर्मसुधारणेचं सार्थक राज्यात झालं. माझं भांडण नेमकं इथे सुरू होतं.

कारण ख्रिस्ती सुधारणांचा पाचशे वर्षांचा जमाखर्च मांडून बसलं की मला उलटंच दिसतं. ज्या सुधारणेला राजाचा आश्रय मिळाला, ती थोड्याच वर्षांत राजासारखी वागू लागली. विवेकाचं स्वातंत्र्य, धर्म आणि शासन यांची फारकत, गुलामगिरीला विरोध या ज्या गोष्टी आपण 'धर्मसुधारणा' या खात्यावर जमा करतो, त्या कमावल्या गादी हुकलेल्या लोकांनी. त्यांतल्या बऱ्याच जणांना ल्यूथरच्या शिष्यांनीच छळलं होतं.

१५१७ची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ती भराभर सांगतो. माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याने पद मिळवण्यासाठी फुगर या सावकारी घराण्याकडून कर्ज काढलं. ते फेडायला पापक्षमेची पत्रं विकायला काढली. निम्मा पैसा सावकाराकडे, निम्मा रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला. विटेनबर्गच्या एका प्राध्यापक-साधूने त्यावर ९५ मुद्दे काढले. पुढे १५२१ साली वर्म्सला सम्राटापुढे उभं राहून त्याने शब्द मागे घ्यायला नकार दिला. इथे पडदा पडतो आणि आपण टाळ्या वाजवतो. पण सुमारे शंभर वर्षं आधी बोहेमियाच्या यान हुसने बरंचसं हेच म्हटलं होतं, आणि त्याला १४१५ साली कॉन्स्टन्समध्ये जाळलं होतं. ल्यूथर का वाचला? छापखाना होता म्हणून, आणि सॅक्सनीच्या फ्रेडरिकने त्याला वार्टबुर्गच्या गढीत लपवून ठेवलं म्हणून. हे उपकार फुकटचे नव्हते. त्यांची वसुली चार वर्षांत झाली.

त्या वसुलीची गोष्ट आपल्या पुस्तकांत एका ओळीत संपते, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो. मार्च १५२५. दक्षिण जर्मनीतलं मेमिंगेन हे गाव. तिथे जमलेल्या शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींनी बारा कलमांचं मागणीपत्र तयार केलं. लिहिणारा झेबास्टियान लोट्झर हा कातडी कमावून फरचे कपडे शिवणारा कारागीर, आणि त्याला शास्त्राधार पुरवणारा गावचा उपदेशक क्रिस्टोफ शापेलर. पहिलं कलम: आमचा पाळक आम्ही निवडणार, आणि तो नीट वागला नाही तर आम्हीच काढणार. नंतरच्या कलमांत दशमांशाचा, म्हणजे चर्चला द्यायच्या दहाव्या हिश्शाचा हिशेब, शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क, जळाऊ लाकूड, वेठ, खंड, गायरानं. कूळ मेल्यावर त्याच्या विधवेकडून मालक जी वसुली करायचा तीही बंद करा, हे अकरावं. वाचताना दूरदेशीचं काही वाचतोय असं वाटतच नाही. गायरान आणि वेठ हे शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायला नकोत. आणि सगळ्यांत मोठं ते तिसरं कलम: ख्रिस्ताने आपलं रक्त सांडून गुराख्यालाही सोडवलं आणि मोठ्यातल्या मोठ्यालाही, कुणालाही वगळलं नाही, म्हणून आम्ही कुणाची मालमत्ता नाही. शेवटचं कलम तर मला फार देखणं वाटतं. यातली कोणतीही मागणी पवित्र शास्त्राच्या विरुद्ध आहे असं कुणी शास्त्रातूनच दाखवून दिलं, तर आम्ही ती सोडून देऊ.

ल्यूथरने शिकवलं होतं ते हेच. शास्त्र सगळ्यांचं, मध्यस्थ नको, प्रत्येक श्रद्धावान हा याजकच. शेतकऱ्यांनी गुरूचं वाक्य घेतलं आणि ते शेतसाऱ्याला लावून पाहिलं. गुरू हादरला. आधी त्याने दोन्ही बाजूंना समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या. मग बंड पेटलं, गढ्या आणि मठ लुटले गेले, आणि मे महिन्यात त्याने शेतकऱ्यांविरुद्ध पत्रक काढलं. पिसाळलेला कुत्रा मारावा तसं यांना उघडपणे वा गुपचूप, जमेल तसं भोसका, असा त्याचा आशय. १५ मे रोजी फ्रांकेनहाउझेनला शेतकऱ्यांची कत्तल झाली. त्यांचा पुढारी थॉमस म्युंट्झर याला हाल करून मारलं. त्या साऱ्या उठावात मेलेल्यांचा अंदाज सत्तर हजारांपासून एक लाखापर्यंत सांगतात.

ल्यूथरला भित्रा म्हणणं सोपं आहे, आणि चूकही. सम्राटासमोर उभा राहिलेला माणूस भित्रा नसतो. त्याची अडचण अशी होती की त्याची सुधारणा आता राजांच्या छत्राखाली होती, आणि छत्र धरणाऱ्याच्या हातालाच चावणाऱ्यांची बाजू घेता येत नव्हती. १५५५च्या आउग्सबुर्ग तहात हा व्यवहार कायद्याच्या भाषेत उतरला: ज्याचं राज्य, त्याचा धर्म. राजा ल्यूथरपंथी तर रयत ल्यूथरपंथी. राजा कॅथलिक तर रयत कॅथलिक. पटत नसेल तर घरदार विकून दुसऱ्या संस्थानात जा. पोपच्या जागी गल्लोगल्ली छोटे पोप बसले, आणि त्यांच्याकडे फौजा होत्या.

तरी एक हिशेब प्रामाणिकपणे मांडायला हवा. गादी मिळालेल्या सुधारणेने काहीच दिलं नाही असं नाही. ल्यूथरने १५२४ साली शहरांच्या कारभाऱ्यांना शाळा काढायला लावणारं पत्र लिहिलं. विटेनबर्गमध्ये गरिबांसाठी सार्वजनिक पेटी आली, भिक्षेच्या जागी नगराची मदत आली. स्वीडनचं उदाहरण तर थक्क करणारं आहे. १६८६च्या चर्च कायद्यानंतर तिथला पाळक घरोघरी जाऊन धर्मबोधाची परीक्षा घ्यायचा, कुणाला किती वाचता येतं याची नोंदवहीत नोंद करायचा, आणि धर्मबोध येत नसेल तर लग्न लागायचं नाही. अठराव्या शतकात, गावोगावी सरकारी शाळा निघायच्या कितीतरी आधी, तिथल्या शेतमजूर बायकासुद्धा वाचत होत्या. मात्र लिहिता येणारे त्यांच्यात थोडेच होते. वरून आलेल्या साक्षरतेची ही खूण मी विसरू शकत नाही. वाचायला शिकवलं, कारण राजाचं आणि देवाचं म्हणणं लोकांपर्यंत पोचायला हवं होतं. लोकांचं म्हणणं वर पोचावं अशी कुणाला घाई नव्हती.

(या विषयावर लिहिताना जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांचं नाव घ्यावं लागतं, तसा दंडकच आहे. घेतलं. प्रोटेस्टंट नीतीमुळे भांडवलशाही आली या म्हणण्यात मला फारसा रस नाही. ल्यूथरच्या जन्माआधीच फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि फ्लँडर्समध्ये कॅथलिक सावकार उत्तम नफा कमावत होते, आणि आल्ब्रेख्तला कर्ज देणारे फुगरही कॅथलिकच होते.)

आता गादी हुकलेल्यांकडे येऊ. १५२५च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही तरुणांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. त्यांचं म्हणणं असं की तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्मा नव्हेच. विश्वास समजून-उमजून ठेवायचा असतो. ऐकायला हा मुद्दा धार्मिक क्रियाकर्मातला वाटतो. पण त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे जन्मनोंद, आणि जन्मनोंद म्हणजे प्रजा असणं. मोठेपणी स्वतःच्या मर्जीने बाप्तिस्मा घ्यायचा तर मधल्या काळात तुम्ही कुणाचे? ख्रिस्ती मंडळी म्हणजे स्वखुशीने जमलेली माणसं, असं मान्य केलं की राज्य आणि चर्च यांचा सांधाच निखळतो. झुरिकच्या प्रोटेस्टंट नगरसभेला हे तिथल्या तिथे कळलं. जानेवारी १५२७मध्ये फेलिक्स मान्झला हातपाय बांधून लिमाट नदीत बुडवलं. पाण्याचा एवढा सोस ना, मग घ्या पाणी.

हेच पुनर्बाप्तिस्मावाले फार सोवळे होते असंही नाही. १५३४ साली त्यांच्यातल्या एका टोळक्याच्या हाती म्युन्स्टर शहर लागलं. दीड वर्षाच्या आत तिथे एक राजा झाला, त्याला बऱ्याच राण्या झाल्या, विरोध करणाऱ्यांची मुंडकी उडाली. शहर पडल्यावर पुढाऱ्यांची प्रेतं ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगली ते पिंजरे सेंट लाम्बर्ट चर्चच्या मनोऱ्यावर आजही लटकलेले आहेत. म्हणून पुनर्बाप्तिस्मावाले चांगले आणि ल्यूथरवाले वाईट, असा निवाडा मी करत नाही. दोघांना बिघडवणारी वस्तू एकच होती. म्युन्स्टरनंतर उरलेल्यांना मेनो सिमन्सने गोळा केलं, तलवार आणि शपथ दोन्ही वर्ज्य केली, आणि ते मेनोनाइट म्हणून गावोगाव हाकलले जात जगले.

जिनिव्हात प्रोटेस्टंट सुधारक काल्विनच्या काळात, १५५३ साली, मिगेल सर्व्हेटसला त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही शिकवण) नाकारल्याबद्दल जिवंत जाळलं. तो कॅथलिकांच्या कैदेतून निसटून आला होता, एवढीच त्याची गंमत. जिनिव्हात पूर्वी शिक्षक असलेल्या सेबास्टियन कास्टेलिओने त्यावर लिहिलं की माणसाला मारणं म्हणजे सिद्धांताचं रक्षण नव्हे. ते फक्त माणसाला मारणं असतं. त्याच्या हयातीत ते लिखाण छापलंच गेलं नाही. ते बाहेर आलं १६१२ साली, हॉलंडमध्ये.

त्याच १६१२ साली हॉलंडहून लंडनला परतलेल्या एका माणसाने पुस्तक काढलं. टॉमस हेल्विस. नॉटिंगहॅमशरचा खाऊनपिऊन सुखी गृहस्थ. धर्मापायी देश सोडून अॅमस्टरडॅमला गेलेला. मग 'पळून जाणं बरं नव्हे' असं मनाशी ठरवून परत आलेला. स्पिटलफील्ड्समध्ये त्याने इंग्लंडच्या भूमीवरची पहिली बाप्टिस्ट, म्हणजे समजत्या वयातच बाप्तिस्मा देणारी, मंडळी स्थापली. पुस्तकाची एक प्रत जेम्स राजासाठी होती, आणि तिच्यावर त्याने हाताने लिहिलं की राजा हा मर्त्य मनुष्य आहे, देव नव्हे. म्हणून प्रजेच्या अमर आत्म्यांवर त्याची सत्ता चालत नाही. पुस्तकात तो आणखी पुढे जातो. लोक पाखंडी असोत, तुर्क असोत, ज्यू असोत, काहीही असोत. त्यांना धर्मावरून लेशमात्र शिक्षा करणं हे पृथ्वीवरच्या सत्तेचं काम नाही.

हे वाक्य कुणी लिहिलं ते बघा. हेल्विस काही उदारमतवादी नव्हता. रोमचं चर्च म्हणजे बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकात सांगितलेलं श्वापद, अशी त्याची ठाम समजूत होती. शिवाय संसद उडवण्याचा कॅथलिक कट उघडकीला येऊन सातच वर्षं झाली होती. तरी त्याने कॅथलिकांनाही आपल्या वाक्यात घेतलं, मुसलमानांनाही घेतलं. दुसऱ्याचा धर्म चूक आहे याची खात्री असूनही त्याला हात लावायचा नाही, ही सहिष्णुता मला 'सगळे धर्म सारखेच' या गुळगुळीत सहिष्णुतेपेक्षा फार मोलाची वाटते. कारण तिची कसोटी लागते. बक्षीस म्हणून हेल्विसला न्यूगेटचा तुरुंग मिळाला. १६१६च्या सुमारास तो मेलेला होता.

याच वाटेने पुढे रॉजर विल्यम्स गेला. इंग्लंडमधल्या छळाला कंटाळून अमेरिकेत गेलेल्या प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंटांनी मॅसॅच्युसेट्समध्ये स्वतःचं राज्य मिळताच विल्यम्सला हद्दपार केलं. १६३६ साली त्याने प्रॉव्हिडन्स वसवलं. तिथे ज्याला जे मानायचं ते मानण्याची मुभा होती. क्वेकर, म्हणजे पाळक आणि युद्ध दोन्ही नाकारणारा पंथ. त्यांची मतं त्याला सहन व्हायची नाहीत. १६७२ साली, सत्तरीच्या आसपास असताना, त्यांच्याशी वाद घालायला तो स्वतः होडी वल्हवत न्यूपोर्टला गेला. वाद घातला आणि परत आला. बारा वर्षं आधी, १६६० साली, बोस्टनच्या प्युरिटनांनी मेरी डायर या क्वेकर बाईला वाद न घालता फासावर दिलं होतं.

इथे गोव्याची आठवण येते, कारण युरोपातल्या भांडणाचा एक निर्वासित आपल्याकडे येऊन मराठी कवी झाला. एलिझाबेथच्या प्रोटेस्टंट इंग्लंडमध्ये कॅथलिक राहणं धोक्याचं झालं होतं, म्हणून टॉमस स्टीफन्स देश सोडून जेझुइट या कॅथलिक संघाचा साधू झाला आणि १५७९ साली गोव्यात उतरला. १६१६ साली राशोलला त्याचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. मराठीचे गोडवे त्याने गायले तसे त्या काळी फार थोड्यांनी गायले असतील. पण तो ज्या छत्राखाली बसून ओव्या रचत होता त्या पोर्तुगीज छत्राखाली १५६० पासून धर्मन्यायसभा (इन्क्विझिशन) बसलेली होती, आणि पुढे १६८४ साली त्याच राजवटीने स्थानिकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावं असा हुकूम काढला. एका गादीपासून पळालेला माणूस दुसऱ्या गादीच्या सावलीत. स्टीफन्सची ओवी मी प्रेमाने वाचतो. सावली मात्र विसरता येत नाही.

गुलामगिरीच्या प्रश्नावर तर सगळा प्रकार भिंग लावल्यासारखा स्पष्ट दिसतो. १६८८ साली पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मनटाउन या वस्तीत चौघांनी एक कागद लिहिला. मेनोनाइट वळणाची, पण क्वेकरांच्या सभेत बसणारी ही माणसं. त्यांचा प्रश्न साधा होता: आपल्याला कुणी असं विकलेलं चालेल का? मासिक सभेने कागद वाचला, विषय फार गंभीर आहे असा शेरा मारला आणि त्रैमासिक सभेकडे पाठवला. तिने तो वार्षिक सभेकडे पाठवला. वार्षिक सभेने निर्णय न घेणंच पसंत केलं. फाईल वर सरकवण्याची विद्या फक्त आपल्याच सचिवालयात आहे असं नाही! तेव्हा क्वेकर पेन्सिल्व्हेनियाचे राज्यकर्ते होते. वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन स्वतः गुलाम बाळगून होता. १७३८ साली बेंजामिन ले नावाच्या ठेंगण्या, कुबड असलेल्या क्वेकराने भरसभेत तलवार काढून हातातल्या पुस्तकात खुपसली. आत लाल रसाची पिशवी होती, तो रस आजूबाजूच्या गुलाममालकांच्या अंगावर उडाला. सभेने त्याला उचलून बाहेर टाकलं.

मग १७५६ साली सीमेवर युद्ध पेटलं. युद्धासाठी कर बसवायचा की शांततेचं व्रत पाळायचं, या पेचात बरेच क्वेकर सभासद विधिमंडळातून बाहेर पडले. सत्ता सुटली. १७५८ साली, म्हणजे दोनच वर्षांत, फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सभासदांवर कारवाई सुरू केली, आणि १७७६ साली गुलाम बाळगणाऱ्याला सभासदच राहता येणार नाही असं ठरवलं. सत्तर वर्षं न हललेला कागद गादी सोडताच हलला. याला योगायोग मानायला मी तयार नाही.

१७८७ साली लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध बारा जणांची समिती बसली. त्यातले नऊ क्वेकर होते. त्यांना संसदेत बसायची मुभा नव्हती, म्हणून त्यांनी संसदेबाहेरचं राजकारण शोधून काढलं. सह्यांचे अर्ज, गावोगावच्या शाखा, छापील चित्रं, बिल्ले, आणि वेस्ट इंडीजच्या साखरेवर बहिष्कार. चहात साखर न घालणं हे राजकीय कृत्य होऊ शकतं, हे इंग्लंडमधल्या मताधिकार नसलेल्या बायकांनी दाखवून दिलं. १७९२ साली संसदेत ५१९ अर्ज पोचले. त्याच साली विल्यम कॅरी नावाच्या बाप्टिस्ट चांभाराने परदेशी मिशनवर लिहिलेल्या पुस्तिकेत साखर सोडणाऱ्यांचं कौतुक केलं होतं. हाच कॅरी पुढे कंपनी सरकार मिशनऱ्याला राहू देईना म्हणून डेन्मार्कच्या ताब्यातल्या, बंगालमधल्या श्रीरामपुरात राहिला, आणि तिथून त्याने १८०५ साली मराठीचं व्याकरण आणि १८१० साली वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठी कोश छापला.

त्याच वेळी राजमान्य चर्च काय करत होतं? इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या धर्मप्रसारक संस्थेचा बार्बाडोसमध्ये कॉड्रिंग्टन नावाचा उसाचा मळा होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या गुलामांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने 'सोसायटी' असा शब्द डागला जायचा. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलची खास निवडक आवृत्ती निघाली. तिच्यातून मोशेने इस्राएलांना मिसरच्या दास्यातून बाहेर काढल्याची कथा गाळलेली होती. गाळणाऱ्याला धर्मशास्त्र उत्तम कळत होतं, यात शंका नाही.

पण जमैकात बाप्टिस्टांच्या मंडळ्या होत्या, आणि तिथे न गाळलेलं बायबल वाचलं जायचं. सॅम शार्प हा गुलाम अशाच मंडळीत सेवक होता. १८३१च्या नाताळात त्याने मजुरी मिळाल्याशिवाय ऊसतोडणी करायची नाही असा संप ठरवला. संपाचं बंड झालं, साठेक हजार गुलाम त्यात उतरले. तीनशेवर माणसं मारली गेली, शार्पला मे १८३२मध्ये फाशी दिलं, गोऱ्या मळेवाल्यांनी बाप्टिस्टांची प्रार्थनाघरं पाडली. पुढच्याच वर्षी संसदेने गुलामगिरी बंद करणारा कायदा केला. भरपाई दोन कोटी पौंड, तीही मालकांना. कॉड्रिंग्टनच्या मळ्यासाठी धर्मप्रसारक संस्थेलाही आठ हजारांवर पौंड मिळाले. गुलामांना एक छदामही नाही.

इथे कुणी म्हणेल, कायदा शेवटी संसदेनेच केला ना? गुलामांच्या व्यापाराविरुद्ध संसदेत लढणारा विल्बरफोर्स राजमान्य चर्चचाच होता ना? होता. सत्तेशिवाय कायदा होत नाही, आणि संसदेत त्याने वीस वर्षं रेटा लावला नसता तर साखर सोडून काही भागलं नसतं. पण त्याच विल्बरफोर्सने मजुरांच्या संघटनांवर बंदी घालणाऱ्या कायद्याला पाठिंबा दिला, आणि १८१३ साली भारतात मिशनरी जाऊ द्यावेत म्हणून भाषण करताना इथल्या धर्माला हीन आणि क्रूर ठरवलं. राज्याच्या हाताने गुलामाची बेडी तोडणं आणि राज्याच्या हाताने आपला धर्म पोचवणं या दोन गोष्टींत त्याला फरक दिसत नव्हता. मला दिसतो. पहिल्या कायद्यासाठी कुणालाही काही मानावं लागत नाही.

आणि दुर्बलता म्हणजे काही सद्गुण नव्हे. बाप्टिस्टांचंच बघा. अमेरिकेच्या दक्षिणेत त्यांची संख्या खूप वाढली, मळेवाले त्यांच्या बाकांवर येऊन बसले, आणि १८४५ साली गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी होता यावं या मुद्द्यावर ते उत्तरेपासून फुटले. त्याबद्दल माफी मागितली १९९५ साली. १८०१ साली कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांनी राष्ट्राध्यक्ष जेफरसनला आपली दाद लागत नसल्याचं पत्र लिहिलं होतं. तिथे ते अल्पसंख्य होते. त्याच्या उत्तरात, जानेवारी १८०२मध्ये, चर्च आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीचा तो प्रसिद्ध शब्दप्रयोग आला. १९७९ साली 'मॉरल मेजॉरिटी' स्थापून धर्माला निवडणुकीत उतरवणारा जेरी फॉलवेल हाही बाप्टिस्ट पाळकच. नाव एक, शास्त्र एक, बाप्तिस्म्याची पद्धतही एक. फरक संघटनेच्या नावातच लिहिलेला आहे: मेजॉरिटी. आणि मधल्या काळात, १९५५ साली, माँटगमरीच्या बसवर बहिष्कार घालणाऱ्या काळ्या मंडळ्यांचा पाळकही बाप्टिस्टच होता. त्याच्या वडिलांनी जर्मनीच्या वारीहून परतल्यावर त्याचं नाव मायकेल किंगचं मार्टिन ल्यूथर किंग केलं होतं. नाव ल्यूथरचं असलं तरी त्याचं वागणं मेमिंगेनच्या शेतकऱ्यांसारखं होतं.

मग आपल्याकडे या साऱ्यातलं काय पोचलं? बोस्टनच्या मिशन बोर्डाने पाठवलेले अमेरिकन १८१३ साली मुंबईत आले. मेरी डायरला फाशी देणाऱ्यांच्याच पंथाचे हे वंशज. पण इथे त्यांच्या हाती गादी नव्हती, उलट कंपनी सरकारच त्यांना परत पाठवायला निघालं होतं. त्यांच्याच मिशनच्या सिंथिया फरार बाईंची अहमदनगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात शाळा काढावीशी वाटली. १८७३च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना आहे. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांना त्या लोकांचा पंथ नको होता, त्यांचं काम हवं होतं.

१८९०च्या ऑक्टोबरात पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहाचा तो गाजलेला कार्यक्रम झाला. रानडे, टिळक आणि इतर मंडळी गेली, कुणी चहा प्याले, कुणी कप नुसता पुढे ठेवून बसले. गोपाळराव जोशांनी नावं वर्तमानपत्रात छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांकडे गेलं, आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सुधारक त्यांच्यावर चिडले, आजही चिडतात. मला त्यात दुसरंच दिसतं. शंकराचार्यांच्या चौकशीमागे शिपाई नव्हता. पेशवाईत तो असता.

त्याच दिवसांत त्याच शहरात जोतीरावांचा शेवटचा आजार चालू होता. नोव्हेंबरात ते गेले, आणि पुढच्या वर्षी त्यांचं 'सार्वजनिक सत्यधर्म' छापून आलं. त्यात एक कुटुंब आहे. घरातल्या बाईने बुद्धाचं पुस्तक वाचून वाटलं तर बौद्ध व्हावं. तिच्या नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं. मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावं. मुलाने सत्यधर्मी व्हावं. आणि सगळ्यांनी एकमेकांचा द्वेष न करता एका घरात राहावं. आउग्सबुर्गच्या तहाने एका राज्याला एक धर्म दिला होता. हेल्विसने राजाला प्रजेच्या आत्म्यातून बाहेर काढलं होतं. जोतीरावांच्या त्या घरात तर नवऱ्यालाही बायकोच्या धर्मावर हुकूम चालवता येत नाही.